मल्हाररावांचा खटला : गुन्हा आणि सिद्धता

इतिहासाच्या वर्गांत अध्यापकाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचीं उत्तरें पुस्तकांत सांपडतात. परंतु एखादा प्रश्न असा येतो कीं, त्याला उत्तर देतांना अध्यापकाला आपल्याच विचारांची झडती घ्यावी लागते. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर १८७५ सालीं जी चौकशी झाली, तिची हकीकत मी एकदां वर्गांत सांगून संपविली, तेव्हां मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, "सर, हें सगळें समजलें, पण मल्हाररावांनीं विष घालविलें कीं नाहीं?" वर्गांत हंशा पिकला. "तें सिद्ध झालें नाहीं," असें ठराविक उत्तर देऊन मी तास आटोपला. घरीं आल्यावर मात्र तें उत्तर मला अपुरें वाटूं लागलें. सिद्ध झालें नाहीं म्हणजे घडलें नाहीं, असें नव्हे. आणि मनुष्य वाईट होता म्हणून त्यानें हा गुन्हा केलाच असेल, असेंही नव्हे. ह्या दोन साध्या गोष्टी त्या वर्षीं सरकार विसरलें आणि लोकही विसरले. त्या विस्मृतीची कथा येथें सांगावयाची आहे.

मल्हारराव हे खंडेराव महाराजांचे धाकटे बंधु. वडील बंधूंच्या जिवाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ सालीं त्यांना पाद्रा येथें अटकेंत ठेवण्यांत आलें, आणि १८७० च्या नोव्हेंबरांत खंडेराव वारल्यावर ते अटकेंतून निघाले ते थेट गादीपर्यंत पोंचले. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळीं गरोदर होत्या. पुढें त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचा हक्क कायम झाला. राजाच्या मनांतील संशयावर मनुष्यानें वर्षानुवर्षें कोंडून पडणें म्हणजे काय, हें ह्या गृहस्थांना स्वानुभवानें ठाऊक होतें. परंतु त्या अनुभवानें त्यांना दया शिकविली नाहीं. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे यांना त्यांनीं तुरुंगांत घातलें, आणि तेथेंच त्या कारभाऱ्यांचा संशयास्पद रीतीनें अंत झाला. शेतकऱ्यांवर जबर आकारणी झाली, गादीवर बसल्याचा नजराणा म्हणून पट्ट्या बसल्या, जुन्या सरदारांचीं व शिलेदारांचीं उत्पन्नें कापलीं गेलीं, सावकारांच्या पेढ्या जप्त झाल्या. वाड्यांतील चाकरीसाठीं अब्रूदार घरच्या बायका बळजबरीनें आणविल्या जातात, अशीही ओरड होती. ह्या तक्रारींची चौकशी करण्यासाठीं १८७३ सालीं कर्नल रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें गेलें, आणि बऱ्याच तक्रारींत तथ्य आहे असें त्याला आढळून आलें. हिंदुस्थान सरकारनें मल्हाररावांना कारभार सुधारण्यास ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली.

ह्या मुदतीच्या काळांत बडोद्याच्या दरबारीं दोन परस्परविरोधी प्रयत्न चालले होते. एकीकडे मल्हाररावांनीं दादाभाई नौरोजी यांना दिवाणगिरीवर आणलें होतें, आणि दादाभाई आपल्या मुंबईकर सहकाऱ्यांसह घडी बसविण्याची खटपट करीत होते. दुसरीकडे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर होते. हे पूर्वीं सिंधच्या सरहद्दीवर कामगिरीवर होते. बडोद्यास ते १८७३ च्या मार्चांत आले. प्रजेवरील जुलमाविषयींची त्यांची चीड खोटी नव्हती; पण महाराजांचा दोष शोधणें हेंच आपलें एकमेव काम, अशा समजुतीनें ते वागत, आणि दादाभाईंच्या कारभारालाही त्यांनीं सुखानें उभें राहूं दिलें नाहीं. मल्हाररावांनीं लक्ष्मीबाईंशीं केलेला विवाह आणि १८७४ च्या ऑक्टोबरांत त्यांना झालेला पुत्र, ह्यांच्या मान्यतेवरूनही तेढ वाढली. शेवटीं २ नोव्हेंबर १८७४ रोजीं मल्हाररावांनीं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांस खलिता धाडून रेसिडेंट बदलून द्यावा अशी मागणी केली.

त्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, ९ नोव्हेंबर रोजीं सकाळीं ती घटना घडली. फेअर साहेब फिरून आल्यावर पपनसाचें सरबत घेत असत. त्या दिवशीं त्यांनीं एक-दोन घोट घेतले, चव बरी लागली नाहीं म्हणून उरलेलें खिडकींतून बाहेर ओतलें, आणि थोड्याच वेळांत त्यांना घेरी आल्यासारखें झालें. पेल्याच्या तळाशीं काळसर गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनीं तो तपासला. मुंबईस सरकारी रसायनपरीक्षक डॉक्टर ग्रे यांच्याकडेही पाठविला. त्यांत सोमल आढळला, आणि चकाकणारे कण आढळले ते हिऱ्याच्या पुडीचे ठरविण्यांत आले. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. हिऱ्याची पूड म्हणजे हलाहल, ही समजूत त्या काळीं राजवाड्यापासून झोंपडीपर्यंत होती. तेव्हां हें मिश्रण करणारा ह्या देशांतील समजुतींत वाढलेला असावा, एवढें अनुमान निघतें. पण तो कोण, हें त्यावरून कळत नाहीं.

सरकारनें २५ नोव्हेंबरच्या हुकुमानें फेअर यांना बडोद्याहून काढण्याचें ठरविलें व त्यांच्या जागीं सर लुइस पेली यांना पाठविलें. म्हणजे मल्हाररावांची मागणी विषावांचूनही फलद्रूप होण्याच्या मार्गावर होती. तपासाचें काम मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे आलें, आणि त्यांच्या हाताखालीं अकबर अली, अब्दुल अली व गजानन विठ्ठल हे अंमलदार कामास लागले. प्रथम रेसिडेन्सींतील आया अमिना हिच्या वाड्यांतील गुप्त फेऱ्यांचा माग लागला. मग हवालदार रावजी यानें, माफीचें वचन मिळाल्यावर, सरबतांत पूड आपणच टाकली असें कबूल केलें. जमादार नरसू यालाही पकडलें. त्याला माफीचें वचन नव्हतें, तरी त्यानें महाराजांकडे गेल्याचें व पुडी मिळाल्याचें सांगितलें. ह्या जबानीनंतर तो विहिरींत पडला व त्याला जिवंत बाहेर काढण्यांत आलें. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनीं बरेच दिवस गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत काढल्यावर माफी मागितली, आणि सोमल व हिरे आपणच महाराजांच्या हुकुमानें मिळविले अशी जबानी दिली. जानेवारी १८७५ मध्यें मल्हाररावांना अटक झाली व बडोद्याचा कारभार तात्पुरता सरकारनें हातीं घेतला.

आतां खरा प्रश्न उपस्थित झाला. स्वतंत्र संस्थानाच्या अधिपतीचा न्याय कोणी करावा? इंग्रजी हिंदुस्थानांतील कोणत्याही न्यायालयाचा अधिकार बडोद्याच्या गादीवर चालत नव्हता. म्हणून सहा जणांचें कमिशन नेमलें गेलें. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच हे अध्यक्ष. सर रिचर्ड मीड व फिलिप मेल्विल हे दोन इंग्रज अधिकारी. आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन एतद्देशीय सभासद. कमिशनचें काम २३ फेब्रुवारी १८७५ रोजीं बडोद्यास सुरू झालें. तें न्यायालय नव्हतें. त्याला निकाल द्यावयाचा नव्हता, शिक्षा ठोठवावयाची नव्हती. सरकारला अहवाल सादर करावयाचा होता. फिर्यादी सरकार, तपास करणारें सरकार, सभासद निवडणारें सरकार आणि अहवाल वाचून शेवटचा निर्णय करणारेंही सरकारच. अशा रचनेंत प्रत्येक व्यक्ति सचोटीची असली तरी रचना निर्दोष होत नाहीं. मीड हे तर दोन वर्षांपूर्वींच्या त्याच कमिशनचे अध्यक्ष, ज्यानें मल्हाररावांच्या कारभारावर ताशेरे ओढले होते. चौकशी संपल्यावर बडोद्यास सरकारचे एजंट म्हणून प्रथम हेच मीड व त्यांच्यामागून मेल्विल राहिले. ह्या गृहस्थांच्या प्रामाणिकपणावर मी शिंतोडा उडवीत नाहीं. पण आरोपीनें त्यांच्याकडे कोणत्या विश्वासानें पाहावें?

आरोप चार होते. महाराजांनीं रेसिडेन्सीच्या नोकरांशीं गुप्त संधान बांधलें. त्यांना लांच दिली. हेरगिरी व विषप्रयोग हे त्यांत हेतु होते. आणि विषप्रयोगाचा प्रयत्न त्यांच्याच चिथावणीनें झाला. ह्यांपैकीं पहिल्या दोन आरोपांना बराच आधार होता. पण रेसिडेन्सींतील बातम्या पैसे देऊन काढणें हा त्या काळच्या दरबारांचा नित्याचा उद्योग होता, आणि दरबारांतील बातम्या त्याच मार्गानें काढणें हा कित्येक रेसिडेंटांचाही. बातमी विकत घेणें आणि प्राण घेणें ह्यांमध्यें जें अंतर आहे, तेंच फिर्यादी पक्षाला पुराव्यानें भरून काढावयाचें होतें.

फिर्यादीच्या बाजूनें मुंबईचे अ‍ॅडव्होकेट-जनरल स्कोबल उभे राहिले; मल्हाररावांतर्फे लंडनचे नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन मोठी फी घेऊन आले. त्यांच्या उलटतपासणींत पुराव्याचे सांधे खिळखिळे होऊं लागले. रावजीनें वापरलेली पुडी डिसेंबरांत त्याच्या पट्ट्यांत सांपडली असें सांगण्यांत आलें. पण तो पट्टा तोंवर दुसऱ्या शिपायाच्या अंगावर चढला होता, आणि पुडी चांचपून काढणारे तपासी अंमलदार स्वतः अकबर अलीच होते. ज्या जव्हेऱ्याकडून हिरे आणले असें दामोदरपंत म्हणत, तो हेमचंद साक्षीच्या वेळीं उलटला; आपली आधींची जबानी गजानन विठ्ठल यांच्या दडपणाखालीं झाली, असें त्यानें उघड सांगितलें. दामोदरपंतांचें म्हणणें मानलें तरी तें मानण्याजोगा कागदी पुरावा हातीं लागत नव्हता; आणि हे गृहस्थ स्वतःच्या सुटकेसाठीं बोलत होते, हें तर उघडच होतें.

येथें कायद्याची एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. हिंदुस्थानचा पुराव्याचा कायदा १८७२ सालीं, म्हणजे ह्या चौकशीच्या अवघीं तीन वर्षें आधीं, तयार झाला होता. सहगुन्हेगाराच्या साक्षीला अन्य आधार नसेल तर ती विश्वासास अपात्र मानण्यास हरकत नाहीं, असें त्यानें न्यायाधीशाला सुचविलें होतें. आणि पोलीस अंमलदारापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाहीं, असें बजावलें होतें. हे नियम पंडितांच्या चैनीसाठीं केलेले नव्हते. कोठडींतील मनुष्य सुटकेच्या आशेनें काय काय बोलतो, ह्याचा कडू अनुभव त्यांच्या मुळाशीं होता. बडोद्याचें कमिशन न्यायालय नसल्यामुळें त्या नियमांचें बंधन त्याच्यावर न्यायालयाइतकें नव्हतें. पण नियमांमागील शहाणपणाचें बंधन तर होतेंच.

मार्चअखेर अहवाल झाले. तिघां इंग्रज सभासदांच्या मतें आरोप शाबीत झाला होता. जयाजीराव व दिनकरराव यांच्या मतें मुख्य आरोप शाबीत झाला नव्हता. रामसिंह यांनींही महाराजांना त्या कृत्यांत गोंवण्यास नकार दिला. तीन विरुद्ध तीन. आणि दुभंग नेमका वर्णाच्या रेषेवर.

ह्या दुभंगाचा अर्थ लावतांना आपल्याकडील बहुतेक लेखकांनीं उतावीळ केली आहे. इंग्रजांनीं गोऱ्याची बाजू घेतली आणि आपल्यांनीं आपल्याची, असें म्हटलें कीं विचाराचें काम संपतें. पण तीन एतद्देशीय सभासद कोण होते? १८५७ च्या धामधुमींत जयाजीराव आणि दिनकरराव यांनीं इंग्रजांची पाठराखण केली होती. रामसिंहही सरकारच्या मर्जींतले. सरकारला नाराज करण्यांत त्यांचा कांहींच लाभ नव्हता, तोटा मात्र संभवत होता. राजवाड्यांतील नोकर कसे फुटतात, पोलिसांच्या पहाऱ्यांत जबान्या कशा आकार घेतात आणि एका धन्याचा राग दुसऱ्या धन्याच्या छायेंत कसा उगवून घेतात, हें त्यांनीं जन्मभर जवळून पाहिलें होतें. त्यांचा संशय जातीचा असण्यापेक्षां अनुभवाचा असणें अधिक संभवनीय आहे. उलट इंग्रज सभासदांचें म्हणणेंही टाकाऊ नव्हतें. तिघां साक्षीदारांच्या हकीकती मुख्य गोष्टींत जुळत होत्या. नरसूला माफीचें आमिष नव्हतें. नोकरांना पैसे पोंचल्याचा पुरावा होता. आणि फेअर यांच्यावर महाराजांचा रोष होता हें कोणीच नाकारीत नव्हतें. एखाद्या साध्या सेशन खटल्यांत एवढ्यावर शिक्षा झालीच नसती असें मी छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. पण अशा खटल्यांत असेसर, अपील आणि वरिष्ठ न्यायालय असतें. येथें अपील कोणाकडे? ज्यानें फिर्याद केली त्याच्याकडे.

सरकारपुढें मोठा पेंच पडला. नॉर्थब्रुक यांचा कल इंग्रज सभासदांच्या मताकडे होता. परंतु सम मतांच्या आधारावर एका राजाला विषप्रयोगाचा गुन्हेगार ठरवून पदच्युत करणें विलायतेंत भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांना प्रशस्त वाटलें नाहीं. तेव्हां एक तिसराच मार्ग निघाला. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यानें मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यांत आलें व त्यांच्या संततीचाही हक्क रद्द झाला; पण कारण म्हणून विषप्रयोग न सांगतां त्यांचें दुर्वर्तन, राज्याचा घोर गैरकारभार आणि सुधारणा घडवून आणण्यास लागणाऱ्या पात्रतेचा अभाव हीं सांगण्यांत आलीं. मल्हाररावांची मद्रासेस रवानगी झाली व तेथेंच १८८२ सालीं ते वारले. जमनाबाईंनीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढें सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले.

ह्या तोडग्यांतील दोष पाहा. गैरकारभाराबद्दल सुधारण्यास १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिलेली होती. एप्रिलांत तिचे आठ महिने शिल्लक होते. ज्या आरोपाची चौकशी झाली त्याबद्दल शिक्षा नाहीं, आणि ज्याबद्दल शिक्षा झाली त्याची मुदत संपलेली नाहीं. कित्येक विचारी माणसें म्हणतात, परिणाम चांगला झाला ना? सयाजीरावांसारखा राजा मिळाला, १९०६ सालीं सबंध राज्यांत सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालें; मग ह्या जुन्या खटल्याचा कीस कशाला? परंतु कवळाण्याचा तो मुलगा मोठेपणीं कसा निघेल हें १८७५ सालीं कोणालाच ठाऊक नव्हतें. पुढच्या पिढीच्या पुण्याईनें मागच्या पिढीच्या अन्यायाचें खत फाडतां येत नाहीं.

लोकमतावर ह्याचा जो परिणाम झाला तो सरकारनें अपेक्षिला नसेल. ज्या राजाबद्दल चौकशीपूर्वीं क्वचितच कोणी बरा शब्द काढीत असे, तो एका वर्षांत सहानुभूतीचा विषय झाला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनें उठली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या बचावासाठीं झटले. दूर कलकत्त्यास अमृतलाल बसूंनीं १८७५ मध्येंच 'हीरकचूर्ण' ह्या नांवाचें नाटक रचलें. निःपक्षपाती न्यायाची इंग्रजी राज्याबद्दल जी ख्याति सुशिक्षितांच्या मनांत होती, तिला बडोद्यानें तडा दिला.

येथवरची तक्रार सरकारविरुद्ध झाली, आणि ती आपणां सर्वांस ऐकावयास गोड लागते. आतां कडू भाग सांगितला पाहिजे. १८७३ च्या कमिशनपुढें जे शेतकरी, जे शिलेदार, ज्या बायका आपलीं गाऱ्हाणीं घेऊन आल्या होत्या, त्यांचें काय झालें? विषाचा खटला उभा राहिला त्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणाचेंच लक्ष राहिलें नाहीं. सरकारला एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पेल्यांतील गाळ त्यांच्या अश्रूंपेक्षां महत्त्वाचा वाटला. आणि आमच्या पुढाऱ्यांना व नाटककारांना एका राजाचा अपमान त्यांच्या अपमानापेक्षां मोठा वाटला. महाराजांसाठीं वर्गणी जमली. वाड्यांत ओढून नेलेल्या बाईसाठीं कोणी सभा भरविल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. सरकारनें शेवटीं "गैरकारभार" हा शब्द जाहीरनाम्यांत घातला तो त्या रयतेला न्याय देण्यासाठीं नव्हे, तर स्वतःची अडचण निभावून नेण्यासाठीं. त्यामुळें जो आरोप बहुतांशीं खरा होता, तोच लोकांना सबबीसारखा वाटला. सदोष चौकशीनें निरपराध्याचें नुकसान होतें हें सर्वांना कळतें. पण ती अपराध्यालाही हुतात्मा करते आणि खऱ्या फिर्यादीलाही खोटी पाडते, हें क्वचित् कोणाच्या ध्यानांत येतें.

त्या विद्यार्थ्याला आज उत्तर द्यावयाचें झालें तर मी असें सांगेन. मल्हाररावांनीं विष घालविलें असण्याचा संभव मला वाटतो. पण केवळ संभवावर मी त्यांना दोषी म्हणणार नाहीं, आणि तशा पुराव्यावर कोणालाही दोषी ठरविण्याचा अधिकार मी कोणत्याही सरकारला देणार नाहीं. त्यांनीं प्रजेला छळलें, ह्याबद्दल मात्र मला फारसा संशय नाहीं. त्या छळाची सुनावणी, त्याच आरोपाखालीं, त्यांना बोलण्याची संधि देऊन, उघड न्यायासनापुढें झाली असती, तर कदाचित् सहाही सभासदांचा निर्णय एकच झाला असता. तसें न्यायासन नेमावें असें त्या वर्षीं कलकत्त्यासही कोणाला सुचलें नाहीं आणि पुण्यासही कोणी मागितलें नाहीं. ह्या खटल्याविषयीं माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट तीच आहे.